इंग्रजी पोथीची समाप्ती

आमच्या गल्लीत पोथी लावायची म्हटलं की दोन माणसं लागतात. एक वाचणारं आणि एक अर्थ सांगणारं. वाचणारं कुणीही चालतं, चष्मा आणि घसा ठीक असला म्हणजे झालं. खरा मान असतो तो अर्थ सांगणाऱ्याचा. मी सून होऊन लातूरला आले तेव्हापासून हा मान माझ्या सासूबाईंकडे, मल्लम्मांकडे आहे. शिक्षण चौथीपर्यंत. पण ओवी कानावर पडली की त्या पदर सावरतात, दोन बोटं वर करतात आणि म्हणतात, "म्हणजे काय झालं, की..." पुढे जे काही होतं ते पोथीत असतंच असं नाही. पण बायका माना डोलवत ऐकतात. ओवी दोन ओळींची असली तरी अर्थ पुरा होईस्तोवर चहाची वेळ होते.

मी त्यांना आत्याबाई म्हणते. माझं माहेर नांदेडचं, आणि मी इंग्रजी विषय घेऊन बी.ए. केलेलं. हे इथं सांगायचं कारण एवढंच, की पुढे जी फजिती झाली तिच्यात माझ्या बी.ए.चा काडीचा उपयोग झाला नाही.

आत्याबाईंची इंग्रजी पोथी सुरू झाली लॉकडाऊनमध्ये. टीव्हीवरच्या मालिकांचं शूटिंग बंद पडलेलं. जुनेच भाग परत लागायचे. "हिचं बाळंतपण मी एकदा केलंय, आता परत करणार न्हाई," म्हणून आत्याबाईंनी टीव्हीकडे पाठ फिरवली. दोन दिवस त्यांनी तो वेळ माझा स्वयंपाक बघण्यात घालवला. तिसऱ्या दिवशी मीच यांना म्हटलं, काहीतरी करा.

हे म्हणजे शिवकुमार. यांचं मिक्सर-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. सासऱ्यांची, रेवणप्पांची, एके काळी व्हिडिओ लायब्ररी होती. कॅसेटा गेल्या, डीव्हीडी आल्या, त्याही गेल्या, सासरेही गेले. माळ्यावर एक खोका राहिला. चांगले सिनेमे लोकांनी नेले ते परत आणलेच नाहीत. खोक्यात उरलं ते कुणी कधीच न नेलेलं. त्यात एक इंग्रजी विनोदी मालिका होती. यांनी प्लेअर दुरुस्त करून ती लावून दिली आणि आपण दुकानात पळाले.

मालिका होती लढाईच्या काळातल्या एका इंग्रजी खेड्यातली. म्हाताऱ्या-कोताऱ्या माणसांचं आग विझवायचं पथक. भोंगा वाजला की सगळे बादल्या घेऊन पळणार, एकमेकांवर आदळणार, पाणी एकमेकांवरच सांडणार, आणि बॉम्ब काही त्यांच्या गावावर पडणार नाही. मग सगळे चहाला. पथकाचा मुख्य एक बुटका मिशीवाला, गावात खिळे-कुलपं विकणारा. आणि पथकाला चहा देणारी एक विधवा बाई, नाकावर राग असलेली.

मी भाकरी थापत होते. बैठकीतून आत्याबाईंचा आवाज आला, "मंजुश्री! टँकर आला गं ह्यांच्या गावात!"

मी हात धुऊन बाहेर आले. भोंगा वाजत होता, माणसं बादल्या घेऊन पळत होती.

"आत्याबाई, तो टँकर नाही. आग..."

"आग हाय तर दाखव की कुठं हाय. धूर तरी दिसतो का? बादल्या घेऊन पळून राहिलेत म्हणजे टँकर. लातुरात राहून तुला एवढं कळंना?"

पुढे गावातले दिवे घालवले, खिडक्यांवर काळे पडदे ओढले. हे भारनियमन. दुकानापुढे रांग लागली. हे रेशन, आणि ते मात्र खरंच रेशन होतं. मी आणखी एकदा तोंड उघडून बघितलं. त्या म्हणाल्या, "तुझं इंग्रजी कालेजातलं. हे बाजारातलं हाय." मी भाकरीकडे परतले.

खरी गोम होती चहावालीची. आत्याबाईंनी तिचं नाव ठेवलं गोदूबाई, आणि मिशीवाल्याचं पाटील. गोदूबाई सगळ्यांना चहाचा कप हातात द्यायची. पाटलाला मात्र देत नसे. त्याचा कप टेबलावर ठेवायची, तोंड फिरवायची आणि चालू पडायची.

"बघितलं का?" आत्याबाईंनी दोन बोटं वर केली. "म्हणजे काय झालं, की हा तिचा भासरा."

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्या घरात आजही त्याचा मान वेगळा. यांचे थोरले भाऊ शिवप्रसाद उदगीरला असतात. ते आले की मी कप टीपॉयवर ठेवते, हातात देत नाही आणि तोंडावर बोलत नाही. मला त्याचं काही वाटतं म्हणून नव्हे, आत्याबाईंना बरं वाटतं म्हणून. तेव्हा त्यांनी जे बघितलं ते आपल्याच घरातलं बघितलं. कप टेबलावर, तोंड दुसरीकडे. भासऱ्यावाचून दुसरं कोण असणार?

एकदा भासरा ठरला की पुढचं सगळं सरळ होतं. गोदूबाईचा नवरा लढाईत गेला. थोरल्यानं, म्हणजे पाटलानं, शेत दाबलं. म्हणून ती चिडते. म्हणून तो तिच्यापुढे चाचरतो. खरं तर ती बाई त्याला, दुकानात मला गंजका तवा विकला म्हणून सुनावत असायची. पण शेताची गोष्ट तव्यापेक्षा चांगली होती हे मला मान्य करावं लागेल.

लॉकडाऊन उठला तशी गल्लीतल्या बायका दुपारी आमच्याकडे जमायला लागल्या. शेजारची सिंधु, ब्लाऊज शिवते आणि आत्याबाईंना अव्वा म्हणते ती, हातशिलाई घेऊनच यायची. आणि समोरच्या सरजाबाई. सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून रिटायर झालेल्या. त्यांच्या विहारातल्या कामातून सवड काढून त्या श्रावणात आमच्या पोथीलाही येऊन बसतात. "ऐकायला न्हाई येत मी, मल्लम्मा कुठं चुकते ते बघायला येते," हे त्या आत्याबाईंच्या तोंडावर सांगतात. दोघींची तीस-एक वर्षांची मैत्री अशीच, जिरेपूड टाकलेल्या ताकासारखी.

सरजाबाईंचं इंग्रजी दवाखान्यातलं. टेंपरेचर, बीपी, ॲडमिट, डिस्चार्ज. पण तेवढ्यावर त्या शंका काढायच्या.

"मल्लम्मा, ती बाई 'शेत' म्हणलीच न्हाई की गं."

"इंग्रजीत शेत कसं म्हणतेत, ठाव हाय तुला?"

"न्हाई."

"मग गप बैस. सलाईन लावताना मी आले होते का मधी बोलायला?"

बायका हसायच्या, मी चहा आणायचे. सगळे भाग बघून झाले, परत पहिल्यापासून झाले. फक्त डीव्हीडींची शेवटची डबी खोक्यात नव्हती. सासऱ्यांना ती कधी मिळालीच नसावी. आत्याबाईंना ते डाचायचं. "अर्धी पोथी घरात ठेवू नये," म्हणायच्या. शेवटी काय होतं हे बायकांनी विचारलं की ठामपणे सांगायच्या, "भासरा तिचं शेत तिला परत देतो. पाया पडते ती. संपलं."

गेल्या उन्हाळ्यात माझी लेक अक्षरा विष्णुपुरीहून घरी आली. तिथं इंजिनिअरिंगला आहे ती. आल्या आल्या तिनं बॅगेतून एक डबी काढून आजीच्या मांडीवर ठेवली. शेवटच्या भागांची. कुठल्याशा जुन्या वस्तूंच्या साइटवर तिनं ती महिनाभर शोधली होती.

आत्याबाईंनी डबी कपाळाला लावली. मग दारात जाऊन गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सरजाबाई! शेवटचा अध्याय आला! रविवारी समाप्ती!"

समोरून उत्तर आलं, "येते की! बघू आता तुझा अर्थ निघतो का भांडं फुटतं!"

"फुटलं तर श्रावणात पोथीपुढं बसणार न्हाई मी! जा!"

"अगं, मी म्हणू कशाला? ह्याच्यात खोटं निघालं तर त्याच्यातबी खोटंच असंल, असं बायकाच म्हणतील की!"

दोघी हसल्या. पण घरात आल्यावर आत्याबाईंनी ती डबी दोनदा उलटीपालटी करून बघितली.

त्याच संध्याकाळी अक्षरा स्वयंपाकघरात माझ्या कानाशी लागली. "मम्मी, मी होस्टेलवर बघून आलेय सगळं. अज्जी मेली."

"काय बोलतेस?"

"शेवटी लग्न होतं."

"कुणाचं?"

"गोदूबाईचं. पाटलाशी."

माझ्या हातातली पळी फोडणीत पडली. शेत परत मिळालं नसतं तर आत्याबाईंनी काहीही जुळवून नेलं असतं. पण भासऱ्याशी लग्न! दीर असता तरी एक वेळ चाललं असतं. आणि लग्न बघायला इंग्रजी लागत नाही. सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत ती बाई आपल्या भासऱ्याशी लग्न लावणार, आणि तो भासरा केला कुणी, तर आत्याबाईंनी.

यांना सांगितलं तर यांनी आधी पोट धरून हसून घेतलं. मी म्हटलं, "हसू नका. प्लेअर बिघडला म्हणून सांगा."

हसणं थांबलं. "माझ्या घरातला प्लेअर बिघडला म्हणून सांगू? आणि मला दुरुस्त करता येईना म्हणून सांगू? सरजाबाईंचा मिक्सर हाय दुकानात. उद्या घेऊन जातील त्या दुसरीकडं."

राहता राहिले मी. सून सासूला जितकं आडून सुचवू शकते तितकं आडून मी सुचवलं. भाजी निवडता निवडता म्हटलं, "आत्याबाई, मी काय म्हणते, तो भासरा नसला तर?"

"कोण?"

"पाटील. साधा ओळखीचा असला तर?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी उदगीरचे भाऊजी यांचे कोणीच नाहीत असं म्हणाले. "मग कप टेबलावर कामून ठेवते? तू तुझ्या भासऱ्याला हातात देतीस का?"

"नाही."

"मग!" त्यांनी मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली. थोड्या वेळानं, मान वर न करता म्हणाल्या, "मंजुश्री, तुला काही ठाव असलं तरी सांगू नको. अर्थ सांगणाऱ्यानं आधी शेवट बघायचा नसतो. बायका माझ्याम्होरं बसतात, ते मी त्यांच्यासंगंच ऐकते म्हणून बसतात."

मी मेथी निवडायला घेतली. त्यांना कसला तरी वास आला होता हे मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांनाही.

रविवारी दाण्यागुळाच्या शेंगापोळ्या केल्या. समाप्तीला प्रसाद लागतोच. बैठकीत सतरंजी टाकली, टीव्हीला आत्याबाईंनी हळदकुंकू लावलं. पलीकडच्या गल्लीतल्या बायकाही आल्या. सरजाबाई पांढरीशुभ्र साडी नेसून सगळ्यात पुढे, आत्याबाईंच्या मांडीला मांडी लावून बसल्या.

सुरुवातीचे भाग बरे गेले. टँकर आला, भारनियमन झालं. मग भोंगे कमी होऊ लागले. लढाई उताराला लागली होती. पाटील न्हाव्याकडे जाऊन आला. केसांना तेल.

"काय गं, नटून राहिला की हा," सरजाबाई म्हणाल्या.

"कोर्टात जायचं आसंल. शेताचं."

पाटलानं खिशातून एक लहानशी डबी काढली आणि टेबलावर, आपल्या कपाशेजारी ठेवली. आत अंगठी.

बायका पुढे सरकल्या. आत्याबाईंची दोन बोटं वर गेली, पण आवाज नेहमीचा नव्हता. "म्हणजे काय झालं, की... तिच्या नवऱ्याचा दागिना होता ह्याच्याकडं. परत करून राहिला."

अक्षरानं माझा हात दाबला. मी तिचा दाबला.

गोदूबाईनं अंगठी उचलली, बघितली आणि बोटात घातली. पुढच्याच दृश्यात देवळासारखी इमारत, घंटा, पाद्री. गोदूबाईच्या डोक्यावर जाळी, हातात फुलं. पाटील घामाघूम. पथकातल्या एका बहिऱ्या म्हाताऱ्यानं पाद्रीला काहीतरी तिसरंच उत्तर दिलं, आणि पाटलानं जाळी वर करून गोदूबाईचा मुका घेतला.

सिंधुची सुई ब्लाऊजच्या बाहीत अडकून राहिली होती.

"मल्लम्मा," सरजाबाई म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज जरा बारीकच होता, "भासऱ्यासंगं लगीन लावून दिलंस की गं तिचं."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. कुणीतरी तिला दाबलं. पडद्यावर पथकाची माणसं रिकाम्या बादल्या वाजवत वरातीपुढे चालली होती, मग नावं वर सरकू लागली, मग काळा पडदा. आत्याबाई त्या काळ्या पडद्याकडे बघत होत्या. त्यांचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता तो त्यांनी सावरला नाही. मला वाटलं, आता उठतील आणि आत जातील. मग श्रावणात पोथी दुसऱ्या कुणाच्या घरी लागेल, आणि त्या दुपारी आत्याबाई काय करतील, हे मला दिसेना.

त्या उठल्या नाहीत. पोथी संपल्यावर अर्थ सांगणारं माणूस हात जोडून चुकलंमाकलं पदरात घ्या म्हणतं, ही रीतच आहे. दर वर्षी आत्याबाई ते भरभर म्हणतात, प्रसादाच्या पातेल्याकडे लक्ष ठेवून. आज त्यांनी हात जोडले आणि एकेक शब्द सुटा म्हटला.

"उणं-अधिक बोलले असंल. न्हाई, बोललेच. तो भासरा न्हवता. मी केला त्याला भासरा. चुकलं माझं. पदरात घ्या, बायांनो."

अर्थ सांगणारीनं खरंच माफी मागितली तर ऐकणाऱ्यांनी काय म्हणायचं असतं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

"प्रसाद देऊ का?" मी विचारलं.

"थांब. कुठं संपली पोथी? पहिल्या अध्यायाच्या पाच ओव्या ऱ्हायल्या की."

हीही रीतच. पोथी संपवून कधी बांधायची नाही. शेवटचा अध्याय झाला की पहिल्याच्या थोड्या ओव्या वाचायच्या, म्हणजे संपली असं होत नाही. अक्षरानं पहिल्या डबीतली पहिली डिस्क लावली.

भोंगा. बादल्या. "टँकर," सिंधु पुटपुटली, सवयीनं. मग चहाचं दृश्य आलं. गोदूबाईनं सगळ्यांना कप हातात दिले. पाटलाचा टेबलावर ठेवला, काहीतरी बोलली आणि तोंड फिरवलं.

"थांबव," आत्याबाई म्हणाल्या. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "मंजुश्री, काय म्हणली ती आत्ता?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. माझं बी.ए. शेवटी कामाला आलं. मी म्हटलं, "साखर संपलीये, तसाच प्या, असं म्हणाली."

आत्याबाईंचा चेहरा पडला. एवढंच? शेत नाही, नवरा नाही, नुसती साखर?

"मग चमचा कशाला दिलाय?" सरजाबाई म्हणाल्या.

"कुठं?"

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि टीव्हीच्या काचेवर बोट ठेवलं. "हा काय. बाकी कुणाच्या बशीत चमचा न्हाई. ह्याच्याच बशीत हाय. साखर संपली तर ढवळायचं काय त्यानं?"

आत्याबाई सरकत सरकत टीव्हीपाशी गेल्या. दोघी म्हाताऱ्या काचेला नाक लावून त्या चमच्याकडे बघत राहिल्या. मग आत्याबाईंनी पदर सावरला. दोन बोटं वर गेली.

"म्हणजे काय झालं, की आपल्या वाट्याची साखर घातली तिनं त्याच्यात. सगळ्यांदेखत. आणि सांगते काय, तर संपली म्हणून. तोंड कामून फिरवलं? राग न्हवता गं तो. हसू आलं होतं माईला."

"हाव गं!" सिंधु ओरडली. "अव्वा, पहिल्या दिवसापासनंच की!"

"पहिल्या दिवसापासनं," आत्याबाई म्हणाल्या, जणू त्यांनीच जुळवून दिलं होतं.

सरजाबाई खाली बसत म्हणाल्या, "चमचा मी दाखवला."

"दाखवलास. अर्थ कुणी सांगितला?"

शेंगापोळ्या वाढल्या. बायका बोलत होत्या, कुठल्या भागात कुठं कुठं हसू होतं ते आठवून एकमेकींना सांगत होत्या. सगळ्यांना आता सगळीकडे दिसत होतं. जाताना सिंधुनं चपला घालत विचारलं, "अव्वा, श्रावणात पोथी कोणत्या वारी लावायची? शिलाईचं तसं धरते मी."

आत्याबाईंनी सरजाबाईंकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघतीस? मी तर येणारच. चुकतीस कुठं ते कोण बघंल?" सरजाबाईंनी पिशवी काखेत मारली. "आणि ते पातेल्याकडं बघत माफी मागणं बंद कर. आजच्यासारखी मागत जा."

पुढच्या आठवड्यात उदगीरचे भाऊजी आले. मी नेहमीसारखा ट्रे घेऊन गेले, त्यांचा कप टीपॉयवर ठेवला, तोंड वळवलं आणि निघाले. तेवढ्यात आत्याबाई पलंगावर ताडकन उठून बसल्या.

"अगं, कप हातात दे त्याच्या! हातात!"

"पण आत्याबाई, आपली रीत..."

"घाल चुलीत रीत. समोर सरजाबाई बसलीय दारात. काय अर्थ काढंल ती!" आणि मग उठून ट्रेमध्ये डोकावून, "आणि तो चमचा आधी उचल."